आखूड पावलांचे बुवा

अमरावतीच्या बाजाराला जायचे असले, की बुवा आदल्या दिवशी सकाळीच निघत. आम्ही दुसऱ्या दिवशी गाडी जुंपायचो आणि त्यांना वाटेत गाठायचो. गाडीतले कोणी ना कोणी ओरडायचेच, "बुवा, बसा ना गाडीत! काहून जिवाले तरास देऊन राहिले?"

बुवा मान न वळवता म्हणत, "तुमी व्हा फुडं. पाय कामावर हायेत माहे."

बुवा अंगाने भलते उंच होते. आमच्या पडवीत ते राहायचे, आणि तिच्या दारातून आत येताना त्यांना कमरेत वाकावे लागे. असा माणूस चालताना मात्र हातभर पाऊल टाकायचा. उजवा पाय पुढे ठेवायचा, डावा मागून ओढत आणायचा. घोड्याचे पुढचे पाय बांधून त्याला चरायला सोडतात, तसे ते दिसे. गावातली पोरे त्यांच्या मागे तसेच चालत. बुवांनी त्यांना कधी हाकलले नाही. उलट एकदा मागे वळून एका पोराला म्हणाले, "तुहा डावा पाय बेस हाय. उजवा लांब पडते."

हे चालणे त्यांचे नव्हते, आमच्या पंथाच्या स्वामींचे होते. स्वामी आमच्याच गावात जन्मले असे आमची पोथी सांगते, पण नेमके कुठे, ते कोणाला ठाऊक नव्हते. गाव दोनदा उठले, दोनदा बसले; जुनी घरे मातीत गेली. पोथीत एवढेच आहे, की स्वामी मोठेपणी एकदा गावात आले, बारवेवर पाय धुतले आणि उगवतीकडे तोंड करून आपल्या जन्माच्या जागेपर्यंत चालत गेले. मागून एक शिष्य पावले मोजत होता. ती नऊशे भरली. लहानपणी डाव्या पायावरून गाडीचे चाक गेल्यामुळे स्वामी पाय ओढत, हातभर पावलाने चालत, हेही पोथीत आहे.

नऊशे पावले कोणीही चालेल. पण स्वामींची नऊशे पावले कोण चालणार? पंथातल्या जाणत्यांनी हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या चर्चेसाठी ठेवला होता. बुवांनी तो पायांवर घेतला. अकोल्याकडची चांगली काळ्या जमिनीची शेती भावाला देऊन ते आमच्या गावी आले आणि स्वामींची चाल शिकू लागले. मला ते आठवतात तेव्हापासूनच केसांनी पांढरे होत चालले होते. चाल पायात मुरायला तीस वर्षे लागतात, असे त्यांनीच ठरवले होते.

आमच्या अंगणात त्यांनी बाभळीच्या दोन खुंट्या ठोकल्या होत्या. रोज सकाळी एकीपासून दुसरीपर्यंत दहा पावले. अंगठा खुंटीला टेकला तर दिवस चांगला. बोटभर अंतर राहिले तर बुवा त्या दिवशी कोणाशी बोलत नसत. जेवण नेहमी अर्धपोटी, म्हणत, "भरल्या पोटाचं पाऊल माजते." मयताला खांदा देत नसत, कारण चौघांच्या पावलाशी पाऊल जुळवावे लागते. ते मागून निघत आणि चिता विझायला आली, की पोचत. घरच्या लोकांना वाटे, हा माणूस मुद्दाम शेवटपर्यंत थांबायला आला आहे, आणि त्यांना फार बरे वाटे.

आणखी एक खोड होती. बुवा काहीही मोजत नसत. ताटातल्या भाकरी नाही, महिने नाही, स्वतःचे वय तर नाहीच. कोणी वय विचारले, की म्हणत, "थे मोजनाऱ्याले पूस." कारण पोथीचा नियम होता: चालणाऱ्याने मोजायचे नाही. मोजत चाललेला माणूस आपल्याला हवे तिथे पोचण्यासाठी पाऊल कमीजास्त करतो. म्हणून मोजणारा वेगळा, आणि जागेची साक्ष द्यायची ती मोजणाऱ्याने. आकड्यांची सवय लागली तर चालताना मनात मोजणे सुरू होईल, या भीतीने बुवांनी आकडेच सोडले होते.

त्यांचा एक नवस होता. जागा सापडली, की स्वामींची चाल स्वामींना परत करायची आणि आपल्या पायांनी चालायचे. हा विषय निघाला, की त्या गंभीर माणसाच्या तोंडावर पोरकट खुशी यायची. "माह्या खऱ्या ढांगा तुमी कोनी पाह्यल्याच नाही बापा! जवानीत मी अकोल्याहून निंघालो ना, का माह्या सोबतचा मानूस पळे. पळे!" आम्ही सगळे त्या ढांगांची वाट पाहत होतो. जन्मस्थानापेक्षाही कदाचित जास्त.

तीस वर्षे पुरी होत आली, आणि त्याच सुमाराला तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली. आता तिचा आणि आमच्या स्वामींचा काय संबंध, असे कोणीही विचारील. पण तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कास्तकारांनी गुरांची चराऊ राने मोडून पऱ्हाटी लावली, खळी मोडून लावली. एकाने घराच्या अंगणात लावली. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या आल्या. आमच्या पाटलांनी सगळे करून पाहिले आणि आता काय करावे असा त्यांना प्रश्न पडला, तेव्हा त्यांना स्वामींची आठवण झाली.

पारावर बैठक बसली. पाटील म्हणाले, "बुवा, आता उशीर नोको. तुमी जागा काढा, मी दगड उभा करतो. साधा नाही, घडीव! वरतं छत्री, मंधात पादुका. अमरावतीचा व्यापारी गाडी थांबवून पुसला पायजे, का बापा हे काय हाय."

"त्याच्यावर लिहान काय?" कोणीतरी विचारले.

"स्वामीचं नाव. आन् खाली माहं, बारीक."

पुढे ते लिहिले गेले तेव्हा बारीक कोणाचे होते, हे पाहायला जाणाऱ्यास अजूनही दिसते.

बैठकीत ठरले, की जागा ज्याच्या वावरात निघेल त्याने ते वावर पंथाला द्यायचे. माझे वडील सर्वांच्या आधी उठले. म्हणाले, "माह्या वावरात निंघो. पिकासकट देतो." ते असेच होते. पंथाचे नाव निघाले, की हात खिशात जायच्या आधी त्यांचे तोंड देऊन बसे. मी मागे बसलो होतो. चोवीस वर्षांचा, नुकते लग्न झालेला. बारवेच्या उगवतीला गाडीरस्ता, रस्त्याच्या अलीकडे पाटलांची पडीत जागा आणि पलीकडे आमचे वावर. सगळ्या गावात तसे काळे वावर नव्हते, आणि त्यात कमरेएवढी पऱ्हाटी उभी होती. त्या कापसावर मी एक दमणी, बसायची हलकी बैलगाडी, घ्यायचे ठरवले होते. बैलांसकट, घुंगरांसकट, रंगासकट. बायकोला तिच्या माहेरी त्या दमणीतून नेणार असे मी तिला सांगूनही बसलो होतो.

मोजणारा म्हणून बुवांनी माझे नाव घेतले. मला पोथी वाचायला त्यांनीच शिकवले होते. "याचा हात सरळ हाय," म्हणाले.

मोजायची रीत अशी. सात जाणत्यांनी सरकीचे नऊशे दाणे तीनदा मोजून एका झोळीत भरले. दुसरी झोळी रिकामी. दोन्ही माझ्या गळ्यात. बुवांनी एक पाऊल टाकले, की एक दाणा या झोळीतून त्या झोळीत. पहिली झोळी रिकामी झाली, की मोजणाऱ्याने "पुरे" म्हणायचे. बाकीच्यांनी शंभर हात मागे राहायचे आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

कार्तिकातली सकाळ होती. बुवांनी बारवेत पाय धुतले, वर आले, उगवतीकडे पाहिले. मग मला म्हणाले, "गड्या, तू माह्याकडं पाहू नोको. पायाकडं पाह्य." आणि निघाले.

निम्म्यापर्यंत मी पायांकडेच पाहिले. मग वर पाहिले. समोर सरळ रेषेत पडीत जागा, रस्ता आणि आमचे वावर. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. अंतर मला डोळ्याने कळते. नऊशेवे पाऊल आमच्या पऱ्हाटीत पडणार, धुऱ्यापासून, वावराच्या बांधापासून, चांगले आत, हे मला तिथेच कळले.

सरकीला तूस असते. दाणे एकमेकांना चिकटतात. त्याच वेळी माझ्या बोटांत दोन दाणे एकत्र आले. ते मी मुद्दाम आणले नव्हते. एक परत टाकायला हवा होता. मी दोन्ही त्या झोळीत टाकले. पुढच्या पावलाला बोटांनी दोन शोधले. त्याच्या पुढे शोधावे लागले नाहीत.

झोळी रिकामी झाली तेव्हा आम्ही पाटलांच्या पडीत जागेत होतो, रस्त्याच्या अलीकडे. मी म्हणालो, "पुरे."

बुवा थांबले. त्यांचा डावा पाय अर्धवट ओढलेला, टाच वर. तो त्यांनी तसाच धरून ठेवला. खाली पाहिले, मग समोर पाहिले, रस्त्यापलीकडे, आमच्या फुटलेल्या बोंडांकडे. पाऊल खाली टेकायला त्यांना किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी एवढेच विचारले, "झोळी रिकामी झाली?"

"झाली, बुवा."

हे खरे होते. मी झोळी उलटी करून दाखवली. मागून जाणते धावत आले, त्यांनी दुसरी झोळी ओतून मोजली. नऊशे. एक कमी नाही, एक जास्त नाही. पाटलांनी तोवर नारळ फोडला होता. जागा स्वतःची, तीही रस्त्याला लागून, आणि पडीत. स्वामींनी पाटलांची एवढी सोय पाहिली असेल असे त्यांनाही वाटले नव्हते.

वडील मात्र घरी येऊन अंगणात बसले. म्हणाले, "रस्त्यापस्तोर आले रे स्वामी. इतक्यात राह्यलं. आपलं नशीब नाही." मग डोळे पुसून कापूस वेचायला मजूर सांगायला गेले.

दगड माघात उभा राहिला. अकोल्याहून, अमरावतीहून पंथाचे लोक आले. पाथरवटाने काम चोख केले होते. काळा दगड, पुरुषभर उंच, कोपरे असे की हात कापावा. पाटलांचे भाषण झाले. मग सगळ्यांना आठवले, की एक गोष्ट बाकी आहे. लोकांनी आपणहून दोन्ही बाजूंना होऊन वाट केली.

"बुवा, आता चाला! तुमच्या पायानं चाला!"

"ढांगा दाखवा बुवा! पळून पाहतो आमी तुमच्या संग!"

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बुवा दगडाजवळ उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. सकाळी खुंटीला अंगठा टेकला का, हे वाकून पाहायचे, तसे. मी पागोटे नीट करू लागलो.

मग बुवांनी पाऊल टाकले. हातभर. डावा पाय ओढत मागून आणला. पुन्हा हातभर.

क्षणभर कोणाला काही कळेना. मग लोक हसले. पाटील म्हणाले, "तीस सालाची सवय हाय बापा, एका दिवसात मोडते का?"

"पाय आयकत नाही," बुवा म्हणाले, आणि त्या वाटेने, दोन्हीकडच्या हसऱ्या लोकांमधून, त्याच चालीने घरी गेले. गावाला पोचायला त्यांना नेहमीइतकाच वेळ लागला.

मी दमणी घेतली. हिरवी होती. बायको माहेरी गेली तेव्हा मी घुंगरे दोनदा पुसली. बुवांना एकदा म्हणालो, "बुवा, आता तर बसा. आता पाय कामावर नाहीत." बुवा म्हणाले, "कोनं सांगतलं तुले?" आणि चालू लागले. त्यानंतर मी त्यांना बसायला सांगितले नाही.

लढाई संपली आणि कापूस पुन्हा कापसाच्या भावाने जाऊ लागला. बैलांच्या शिंगांवरची चांदी सोनाराकडे परत गेली. दगडावरची छत्री राहिली ती राहिलीच. चार खांब उभे आणि वर आभाळ. दमणी मी बडनेऱ्याच्या एका व्यापाऱ्याला विकली. तोवर तिथे आगगाडी आली होती. बुवा तीन दिवस चालून ती पाहायला गेले. परत आल्यावर लोकांनी विचारले, कशी वाटली? बुवा म्हणाले, "लय बेस. पन तिले कोनाची चाल शिकाची हाय थे समजलं नाही."

दगडाला बुवा रोज फुले वाहत, पण तिथे कधी डोके टेकत नसत. लोकांनी विचारले तर सांगत, उंच माणसाला वाकायला त्रास होतो. दुपारची भाकर मात्र ते रस्ता ओलांडून आमच्या धुऱ्यावर बसून खात. वडिलांना याचे फार कौतुक. त्यांना वाटे, बुवांना आमच्या घराचा लळा आहे.

आगगाडी आली त्याच्या पुढच्या साली फाल्गुनात पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. वावर मोकळे पडले होते. दुपारी मी कशाला तरी तिकडे गेलो आणि धुऱ्यावरच्या बाभळीआड थांबलो. वावरात बुवा होते. धुऱ्यापासून चांगले आत, एका जागी. त्यांनी खाली वाकून डोके जमिनीला टेकले. मग उठले, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि निघाले.

मी पाहिले ते असे. तो म्हातारा माणूस ढांगा टाकत होता. डावा पाय उजव्यासारखाच उचलला जात होता, गुडघ्यातून, मोकळा. धोतर फडफडत होते. ढेकळांवरून चालला होता, पण सडकेवरून चालावा तसा. एवढे मोठे आमचे वावर, ते त्यांच्यापुढे आखडून गेल्यासारखे झाले. तोंडावर तीच पोरकट खुशी होती. त्यांच्या सोबत चालणारा कोणी असता तर खरोखर त्याला पळावे लागले असते.

धुऱ्याशी आल्यावर त्यांना मी दिसलो. ते थांबले. मग बुवा म्हणाले, "पऱ्हाटी बेस झाली होती गड्या, तुह्या वावरात."

मी म्हणालो, "हो, बुवा."

ते रस्त्यावर उतरले. उजवा पाय हातभर पुढे ठेवला. डावा मागून ओढत आणला.

तेव्हा मला सगळे कळले. त्यांना मोजणाऱ्याची गरजच नव्हती. पायांना जागा ठाऊक होती. पण चालणाऱ्याची साक्ष चालत नाही, हा पोथीचा नियम, आणि तो मोडणारा माणूस तीस वर्षे हातभर पावलाने चालत नाही. साक्ष माझी होती. ती मी खरी देईपर्यंत लोकांसमोर सरळ चालणे म्हणजे त्या दगडाला हो म्हणणे. म्हणून ते लोकांसमोर तसेच चालत राहिले. अकरा वर्षे. आमच्याच पडवीतून निघत, आमच्याच अंगणातून, माझ्या समोरून.

मी दर साली ठरवत होतो. वडील आहेत तोवर नको, असे म्हणालो, ते गेले. मग पाटील आहेत तोवर नको. मग पोरांची लग्ने.

बुवा अंथरुणाला खिळले तेव्हा एका सकाळी त्यांनी मला जवळ बोलावले. म्हणाले, "झोळी रिकामी झाली होती ना रे?"

मी म्हणालो, "झाली होती, बुवा."

"तूस लय असते सरकीले," ते म्हणाले, आणि भिंतीकडे वळले. एवढी सोय त्यांनी माझ्यासाठी करून ठेवली. माझ्याच्याने तीही वापरवली नाही. दुपारी ते गेले. त्यांना दगडासमोरून नेले. खांदेकऱ्यांनी आदराने हातभर पावले टाकली. पुढच्या उजव्या बाजूला मी होतो.

आता मी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. दगडावर छत्री झाली, भोवती फरसबंदी झाली, जत्रा भरते. मंडळींनी स्थानाची माहिती छापायची ठरवली आणि जुना माणूस म्हणून मला बोलावले. मी त्यांना सगळे सांगितले; दाणे, दमणी, फाल्गुनातली दुपार. ते शांतपणे ऐकत होते. सगळी भली माणसे आहेत.

त्यांतला एक, पोराच्या वयाचा, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आजोबा, तुमाले आता आठवत नसन बरोबर."

मी म्हणालो, "मग बुवा मरेपर्यंत तसे काहून चालले, सांग बरं? जागा सापडली असती तर सरळ चालले असते का नाही?"

तो म्हणाला, "लंगडे होते ना थे."

त्याने छापलेला कागद दाखवला. त्यात तसेच आहे: जन्मतः पायाने अधू असलेल्या एका सत्पुरुषास स्वामींनी दृष्टांत देऊन ही जागा दाखवली. आता दगडाजवळ गुडघेदुखीचे लोक येतात. नवस फेडायला लाकडाचे लहान लहान पाय वाहतात. कित्येकांना गुणही येतो म्हणे.

आमच्या वावरात, धुऱ्यापासून आत, एका जागी मी यंदा पेरू दिले नाही. माझा मुलगा म्हणतो, तिथे गवत माजते. माजू दे. माझीही पावले आता हातभरच पडतात, म्हणून काल बारवेपासून चालून पाहिले. मोजायला कोणी नव्हते. तिथपर्यंत जाऊन परत आलो.

मंडळींचा कागद छापून झाला आहे, त्यात आता काही बदलणार नाही. म्हणून हे मी माझ्या हाताने वेगळे लिहून ठेवतो. दाणे नऊशे होते. पावले पावणेसातशेच्या आसपास झाली होती. मोजणारा मी होतो. आणि बुवा लंगडे नव्हते.